निम्म्याच्या खाली

३ मार्च

धाकटीस,

आज दुकान नेहमीच्या वेळी उघडलं. सकाळी तीन गिऱ्हाइकं झाली. एका शिक्षिकेचा जवळचा नंबर वाढला आहे, ते तिला पटेना. दुपारी साडू आले. डोळे तपासायचे म्हणून खुर्चीत बसले, हनुवटी यंत्रावर टेकवली आणि तशीच ठेवून म्हणाले, "माझे डोळे धड आहेत हो. तिचं डोकं तपासायचं एखादं यंत्र असेल तर बघा."

मग त्यांनी सांगितलं. तुझ्या उजव्या छातीत गाठ निघाली, सुई घालून तपासली, ती वाईट आहे पण अजून लहान आहे. डॉक्टरांनी ऑपरेशनला दिवस दिला होता, तो तू नाकारलास. "छातीच्या ऑपरेशननंतर ताईचं काय झालं ते मी सहा वर्षं बघितलंय. गाठीनं मेले तरी चालेल, तसं जगणार नाही," असं म्हणालीस म्हणे.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. मला पत्राची सवय नाही. लग्नाआधी तुझ्या ताईला एकच लिहिलं होतं. ते तुम्ही दोघींनी मिळून वाचलंत आणि त्यात हवामानाशिवाय काही नाही, असं तू मला तोंडावर सांगितलंस. हेही तसंच होईल, पण वाच.

मला एवढंच म्हणायचं आहे की ऑपरेशन करून घे. पण आधी पाठीवरच्या टाक्यांचं सांगायला हवं, नाहीतर तू पुढे वाचणार नाहीस.

तुझ्या ताईच्या डोक्यातली शीर फुटली, त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आशा नाही म्हणून सांगितलं. तू तेव्हा बसमध्ये होतीस. त्याच्या दोन वर्षं आधी, ती छातीच्या दुखण्यासाठी जायची त्या दवाखान्यात तिला एक गोष्ट विचारली होती. ऑपरेशनची जखम भरूनही ज्यांचं दुखणं जात नाही अशा लोकांच्या मज्जातंतूंच्या गाठी एका प्रयोगशाळेला हव्या होत्या. त्या पाठीच्या कण्याला लागून असतात. जिवंत माणसाच्या काढता येत नाहीत. ती लगेच हो म्हणाली, सहीसुद्धा केली. बाहेर आल्यावर मी विचारलं, नक्की ना? तर म्हणाली, "मेल्यावर मला पाठ कशाला लागणार आहे, टेकायला?"

त्या गाठी माणूस गेल्यावर थोड्याच तासांत काढाव्या लागतात. मला विचारलं, मी हो म्हणालो. तू आलीस, तिला स्वच्छ कपडे घालताना कुशीवर वळवलंस आणि टाके बघितलेस. "जिवंतपणी टोचलं ते कमी पडलं म्हणून मेल्यावरही?" असं तू म्हणालीस. मी बाहेर जाऊन लोकांसाठी आणलेल्या खुर्च्या सरळ लावत बसलो. टाक्यांपेक्षा तुझा राग त्या खुर्च्यांवर जास्त आहे, असं साडू म्हणतात. असेल.

ती हो म्हणाली होती, एवढं मी तेव्हा सांगायला हवं होतं. आता सांगितलं.

गाठीची वाट बघू नकोस. ती थांबत नाही.

भाऊजी


१७ मार्च

धाकटीस,

काल दुकान बंद ठेवलं आणि सकाळच्या गाडीने प्रयोगशाळेत जाऊन आलो. परत येईपर्यंत संध्याकाळ झाली. येताना गाडीत बसायला जागा मिळाली.

तुझं उत्तर पोचलं. माझ्याच पत्राच्या पाठीवर लिहून पाठवलंस, कागदही माझाच. "टाक्यांचं कळलं. माफ केलं असं समजू नका. ताईच्या पाठीतून काढलं त्यातून काय निघालं ते त्या लोकांना विचारून या. माझंही तसंच होणार असेल तर मला पुन्हा ऑपरेशनचं नाव सांगू नका." विचारून आलो. जसं सांगितलं तसं लिहितो, गोड करून नाही.

दुसऱ्या मजल्यावर एक लांब बोळ आहे, दोन्ही बाजूंना मोठमोठे फ्रीज घुमत असतात. आपली ती त्यातल्या कुठल्यातरी एकात आहे हे मला तिथे चालताना सुचलं. नंतर मी फ्रीजकडे बघितलं नाही. शेवटच्या खोलीत त्या गाठी तपासणाऱ्या बाई बसतात. चाळिशीच्या असतील, केसांत पेन्सिल खोचलेली, समोर चहा आणि बिस्किटांचा पुडा. बोलताना चष्मा सारखा नाकावर घसरत होता आणि त्या तो मनगटाने वर ढकलत होत्या. मला राहवेना. म्हणालो, "जरा द्या इकडे." छोटा पेचकस माझ्या खिशात असतोच. मी दांडीचा स्क्रू आवळत होतो आणि त्या चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून, कागदावर पाठीचा कणा काढत होत्या. त्यामुळे मणके थोडे वाकडे आले.

प्रत्येक मणक्याजवळ डावीउजवीकडे एकेक अशा वाटाण्याएवढ्या गाठी असतात. तुझ्या गाठीसारख्या नव्हेत, या सगळ्यांना जन्मापासून असतात. कापलं, भाजलं, लागलं की त्याची खबर ज्या पेशी पुढे नेतात, त्या तिथे राहतात. पेशी पाठीशी, आणि तिचा धागा थेट छातीच्या कातडीपर्यंत. ऑपरेशनमध्ये असे धागे कापले जातात, ताणले जातात. ते पेशीला कळतं आणि ती वेगळी प्रथिनं बनवायला लागते. काही प्रथिनं म्हणजे पेशीच्या भिंतीतली दारं. ती उघडली की दुखण्याचा निरोप सुटतो. तसली दारं वाढतात. निरोप आवरून धरणारी प्रथिनं कमी होतात. जखम भरली की बहुतेकांत हे हळूहळू मूळपदावर येतं. काहींत येत नाही. वरून नुसता पांढरा व्रण दिसतो आणि आत पेशी कालच कापल्यासारखी वागत राहते.

तुझ्या ताईचं ऑपरेशन डाव्या छातीचं, म्हणून बाईंनी डाव्या बाजूच्या गाठी उजव्या बाजूच्या गाठींशी ताडून बघितल्या. माणूस तोच, वय तेच, फरक फक्त ऑपरेशनचा. तुझ्या ताईच्या डाव्या गाठींत तो फरक मोठा निघाला.

"म्हणजे तिला खरंच दुखत होतं," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. मला शंका कधीच नव्हती. पण कुणीतरी मोजून सांगितलं की बरं वाटतं.

बाईंनी चष्मा चढवला, मान हलवून बघितली आणि म्हणाल्या, "आता बसला. बरं, एक विचारू? त्यांना किती दुखायचं?"

"बरंच."

"आकड्यात सांगा."

"आकडा तुमच्याकडे असेल."

"माझ्याकडे चार आहे. दहापैकी चार. प्रत्येक भेटीला चार. सहा वर्षांत एकदा साडेचारसुद्धा नाही." त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. "यांच्या गाठी आल्या तेव्हा मला वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. पुन्हा तेच. आठ-नऊ सांगणाऱ्यांच्या गाठी अशा असतात. चारवाल्यांच्या नसतात."

तेव्हा मी त्यांना तुमच्या आईंची शिस्त सांगितली. भूक असो, ताप असो, दुखणं असो, दुसऱ्याला सांगताना निम्म्याच्या खाली सांगायचं. वर सांगितलं तर मागितल्यासारखं होतं. दहाचं निम्मं पाच, म्हणून चार. तीन सांगितलं तर डॉक्टर लक्ष देणार नाहीत एवढा व्यवहार तुझ्या ताईला कळत होता, म्हणून तीन नाही.

बिस्कीट तुटून कपात बुडालं. बाईंनी बघितलं पण काढलं नाही.

"मग माझ्या तक्त्यात त्या चुकीच्या रकान्यात बसल्यात."

"बदला ना."

"तुमच्या शब्दावर कसा बदलू? आकडा पेशंटचा असतो. चारच राहणार. खाली टीप टाकीन, पण चारच." मग कप बाजूला सारून म्हणाल्या, "भीड माणसाला असते हो. प्रथिनांना नसते."

मग तुझा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. बहिणीला झालं म्हणून हिला होईलच असं नाही, होणार नाही असंही नाही. एका माणसाच्या गाठींवरून काही सिद्ध होत नाही. औषध काही आज-उद्या निघणार नाही. मी म्हणालो, ती मला म्हणेल, एवढं भाडं घालून गेलात आणि हात हलवत आलात. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "मी इलाज करणारी नाही, पण एक गोष्ट या गाठींशिवायही माहीत आहे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत ज्यांना फार दुखतं, त्यांचं दुखणं मागे उरण्याची भीती जास्त. तेव्हा ते दिवस नीट सांभाळायचे. भूल देणाऱ्या डॉक्टरांना बहिणीचं सगळं आधी सांगा. त्या बाजूच्या नसा आधीच बधिर करता येतात. आणि नर्सनं विचारलं की खरा आकडा सांगायचा. आकड्यावर औषध ठरतं."

तुझ्या ताईला पहिल्या संध्याकाळी नर्सने विचारलं तेव्हा मी कॉटशेजारीच उभा होतो. चारला साधी गोळी मिळते.

हेच निघालं. जेवढं सांगितलं तेवढं लिहिलं.

भाऊजी


२ एप्रिल

धाकटीस,

आज गिऱ्हाईक कमी. रस्ता खणला आहे, लोक पलीकडून वळून जातात. एका म्हाताऱ्यांना भिंग लावून विचारलं, "आता बरं दिसतं का मघाशी?" तर म्हणाले, "तुम्हाला सोयीचं असेल ते द्या." असे बरेच येतात. माझा वेळ जातो म्हणून बिचारे दिसतंय दिसतंय म्हणतात आणि चुकीचा नंबर घेऊन घरी जातात. मग जिन्यावर ठेचकाळतात. या म्हाताऱ्यांना मी दुसऱ्यांदा तपासायला बसवलं.

या खेपेला तू स्वतःच्या कागदावर लिहिलंस आणि मला चांगलं तीन पानं भरून झाडलंस. तुझी ताई खोटं बोलायची असं मी परक्या बाईला सांगून आलो, आईलाही मध्ये ओढलं, आणि पहिल्या संध्याकाळी मी कॉटशेजारी उभा होतो तर खांबासारखा का उभा होतो, असं विचारलंस.

शेवटचं आधी. तिने चार म्हटलं आणि मी तिथेच नाही म्हणालो असतो तर चारचौघांत तिला खोटं पाडल्यासारखं झालं असतं. मला ते जमलं नाही. पुढेही जमलं नाही. ती बाही घालताना आधी डावा हात हळूच सरकवायची, मग थांबायची, मग उजवा. त्या थांबण्यावरून मला तिचा खरा आकडा कळायचा. मी बटणं लावून द्यायचो. आमच्यात तेवढंच बोलणं होतं त्या विषयावर. तू लिहिलंस की तिच्या शेजारी झोपलीस तेव्हा ती उशीचा कोपरा दातात धरायची. हे मला माहीत नव्हतं. माझ्या शेजारी ती ते करत नव्हती, किंवा मी झोपल्यावर करत असेल.

तिला खोटारडी मी म्हटलेलं नाही. तुमच्या आईंनाही नावं ठेवत नाही. एकट्या बाईने शिवणावर दोन मुली वाढवल्या, दारात कुणी कीव करायला उभं राहू नये म्हणून असं शिकवलं. त्या दिवसांत बरोबरच होतं ते. पण दवाखान्यात कुणी कीव करायला विचारत नाही. मी भिंग बदलून विचारतो तसं विचारतात.

आणि तू ताईचं बोलतेस. तुझं काय? तू सात वर्षांची असताना शेजारच्यांनी विचारलं, जेवलीस का गं? तू म्हणालीस, "थोडी भूक आहे." आणि त्यांच्या जिन्यात चक्कर येऊन पडलीस. सकाळपासून पोटात काही नव्हतं. तुझी ताई हे इतक्या वेळा सांगायची की तो जिना मला पाठ आहे. सांगताना हसायची, आणि शेवटी दरवेळी म्हणायची, "पडली तरी थोडीच म्हणत होती बया."

म्हणून मला भीती वाटते. ऑपरेशन करून घेतलंस तरी तू चारच सांगशील.

साडू काल येऊन गेले. तू डॉक्टरांना फोन केलास आणि मेमधला दिवस घेतलास, म्हणाले. मला सांगू नका असंही तू बजावलं होतंस, तेही त्यांनी सांगितलं. "मी काही सांगितलेलं नाही," असं म्हणत त्यांनी पूर्ण अर्धा तास सांगितलं.

मला त्या दिवशी यायचं आहे. तू नको म्हणालीस तर खालच्या बाकावर बसेन. तिथे बसायला कुणाची परवानगी लागत नाही.

भाऊजी


११ मे

धाकटीस,

काल तुझं ऑपरेशन झालं. हे तू घरी गेल्यावर वाचशील.

सकाळी सातला पोचलो. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ताईचं सगळं सांगितलंस ना, असं मी विचारलं, तर "तोंडपाठ म्हणून दाखवू का?" म्हणालीस. ताई गेल्यानंतर दीड वर्षाने माझ्याशी बोललीस ते हे. तुला आत नेलं. डॉक्टरांनी आधी बरगड्यांच्या बाजूला बधिर करायचं इंजेक्शन दिलं, असं नंतर कळलं. साडू बाहेर येरझाऱ्या घालत होते. त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बायको आत आहे म्हणून सांगितलं. झाडूवाल्याला दोनदा. गाठ निघाली, काखेतल्याही काढल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात.

दुपारी तुला वॉर्डात आणलं, पण तू गुंगीत होतीस. संध्याकाळकडे पूर्ण जागी झालीस. मी कोपऱ्यात उभा होतो, तू जा म्हणाली नाहीस. तुझ्या कपाळावर घाम होता, आणि उजव्या हाताची बोटं चादर धरून होती. नर्स आली. तिने विचारलं, "किती दुखतंय? शून्य ते दहा."

"चार," तू म्हणालीस.

मी बोललो ते मलाच ऐकू आलं. "नाही."

नर्सने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही कोण?"

"हिचा भाऊजी."

"दुखतंय कुणाला, यांना का तुम्हाला?"

पलीकडच्या कॉटवरची बाई हसली. साडू खिडकीकडे बघायला लागले. मला कानापर्यंत गरम झालं. पण म्हणालो, "हिला. चार नाही. या घरात सगळ्या चारच सांगतात. हिच्या बहिणीनंही तेच सांगितलं होतं."

"भाऊजी," तू दात आवळून म्हणालीस, "जन्मभर मुके होतात, तोंड उघडायला हाच वॉर्ड सापडला?"

"हो," मी म्हणालो.

तू तोंड भिंतीकडे केलंस. नर्स शहाणी निघाली, गेली नाही. उशी सरळ केली, नळी बघितली, उगाच काहीतरी लिहिल्यासारखं केलं. मग भिंतीकडेच बघत तू म्हणालीस, "आठ." आणि रडायला लागलीस. एवढं रडताना मी तुला तुझ्या ताईच्या वेळीही बघितलं नव्हतं. साडू तुझे पाय दाबायला लागले. पाय दुखत नव्हते, पण त्यांना दुसरं काय सुचणार? नर्सने डॉक्टरांना विचारून दुसरं औषध आणलं.

अर्ध्या तासाने तिने परत विचारलं. तू जरा विचार केलास. "पाच," म्हणालीस. मग माझ्याकडे बघून, रागाने, "पाचच आहे. आता खरं पाच आहे." मी मान हलवली. थोड्या वेळात तुझा डोळा लागला. तोंड उघडं पडलं होतं. साडूंनी मिटून बघितलं, परत उघडलं.

पुढे काय होईल ते मला माहीत नाही. प्रयोगशाळेतल्या बाईंनाही नाही. दोन-तीन महिन्यांनी कळेल असं म्हणतात. तुझ्या पाठीतल्या त्या पेशी आत काय बनवतायत ते बाहेरून कुणाला दिसत नाही. तोवर रोज विचारतील, रोज सांग. मला नको सांगूस, त्यांना सांग. वाढलं तर वाढलं म्हण.

तुला चारचौघांत खोटं पाडलं. त्याचा राग यायला हवाच, येऊ दे. फोन उचलला नाहीस तरी मी पत्र लिहीन, त्यात हवामान असेल.

आज दुकान अर्धा दिवसच उघडलं. दुपारी साडूंचा फोन आला. रात्री मधे जाग आली तेव्हा तू आपणहून घंटा वाजवलीस, म्हणाले. नंतर मी घरी आलो. स्वयंपाक करायचा कंटाळा आला होता. दोन अंडी उकडायला ठेवली, तोवर खिडकीतला ओला फडका झटकून वाळत घातला. एक अंडं सोलून मीठ लावून खाल्लं. दुसरं संध्याकाळसाठी झाकून ठेवलं.

भाऊजी